स्टीलची कॉइल

सोमवार, संध्याकाळ

काल मी दादाला मारलं. घरी बियर बनवताना उकळलेला माल्टचा काढा झटकन गार करायला सातिवलीहून स्टीलच्या नळीची वेटोळी कॉइल करून आणली होती. तांब्याची जास्त लवकर गार करते, पण घासत बसावी लागते. दादा हसला, "स्टील? पप्पा उगाच नाही तुला बिनकामाचा म्हणायचे."

तीच कॉइल त्याच्या तोंडावर हाणली. भुवई फाटली. तो खाली बसला, तरी पुन्हा हाणली. दुसऱ्यांदा का? तेव्हा तर तो काहीच बोलला नव्हता. बायकोने मागे ओढलं म्हणून थांबलो.

टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, तर दादा म्हणाला, "जिन्यावरून पडलो."

आज फोन केला. वहिनीने उचलला. म्हणाली, "इतक्यात गिरीजला आमच्याकडे येऊ नकोस. तुझं नाव काढलं तरी ते उठून दाराला कडी घालतात."