कासवासकट घर

३ मार्च

—आणि खुर्ची मागे सारून उभी राहिले. घरांचा एजंट हसतच होता. त्याचा आवाज इतका मऊ आहे की आम्ही घरी त्याला मखमल म्हणतो. मखमल म्हणाला, बसा ना मॅडम, नियम माझा नाही, ऑफिसचा आहे. नियम असा: त्यांच्याच आतल्या केबिनमध्ये कर्ज सल्लागार बाई बसतात, त्यांना भेटल्याशिवाय आमची पूर्ण किमतीची ऑफर घरमालकापर्यंत जाणार नाही. माझ्या बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र टेबलावर उघडं होतं. त्याने ते वाचलं नाही. एका बोटाने माझ्याकडे परत सरकवलं, बिस्किटाचा चुरा सरकवावा तसं.

निघून आले. जिना चढताना पश्चात्ताप. चौथा मजला, लिफ्ट नाही. आईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्या स्वतःच्या पायांनी खाली उतरलेल्या नाहीत. सपाटीवर काठी टेकत चालतात, पण जिना म्हटलं की संपलं. डॉक्टरकडे न्यायचं तर शेजारचा पैलवान आणि त्याचा भाऊ त्यांना खुर्चीसकट उचलतात. आई डोळे मिटून घेतात. तळाला पोचलो की विचारतात, झाली का वरात?

ते घर तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, मागे अंगण, पुढे दार. दाराला उंबरा नाही, पायरी नाही. दार उघडलं की रस्ता.

मला ते घर हवं आहे. मला म्हणजे आम्हाला.

४ मार्च

नणंदेचा फोन. वहिनी, लोक सासूपासून लांब घर घेतात, तू सासूबरोबर घेतेस! तिचा भाऊ गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत, ही आठवण करून द्यावीशी वाटली. दिली नाही. आई आतून म्हणाल्या, तिला सांग, तिसरी खोली नाही त्यात.

६ मार्च

मखमलचा फोन लॅबमध्ये आला. एका कवळीचे पुढचे दात मेणात बसवत होते. तो म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक आलंय. त्यांनी कर्ज आमच्याच बाईंकडून घेतलंय, म्हणून त्यांचं काम पुढे सरकतंय. तुमचं मात्र... दात तिरका बसला.

अडला हरी. गेले.

कर्जवाल्या बाई तरुण, नीटनेटक्या. आधी पाणी दिलं. घर का आवडलं? घाई किती? थोडं ताणलं तर कुठपर्यंत जाल? सगळं मायेने. म्हणाल्या, इथलं बोलणं या काचेबाहेर जात नाही. काच जाड होती. मी घडाघडा सांगितलं — आई, जिना, पैलवान, डोळे मिटणं. किती दिवसांत माझं कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

आई लसूण सोलत होत्या. ऐकून म्हणाल्या, अगं, दुकानात शिरल्याशिरल्या कुणी सांगतं का, मला हेच पातेलं हवं म्हणून?

८ मार्च

मखमल: किंमत जरा वाढवलीत तर मला मालकांशी बोलता येईल. आणि कर्ज आमच्याकडून घेतलंत तर आजच बोलतो. नाहीतर सासूबाई बिचाऱ्या अजून किती दिवस डोळे मिटून जिना उतरणार?

डोळे मिटून. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

दिवसभर साचे ओतले. प्लास्टर बघता बघता घट्ट होतं. मीही झाले.

९ मार्च

आईंचा राग थंड असतो. म्हणाल्या, काच किती जाड आहे ते बघू. त्या बाईला असं काहीतरी सांग जे आपल्या दोघींशिवाय कुणाच्या डोक्यात येणार नाही.

बराच वेळ काही सुचेना. घर पाहायला गेले होते तेव्हा अंगणात एक म्हातारं कासव होतं. मखमल म्हणाला होता, काळजी नको, मालक ते घेऊन जाणार आहेत. हे आईंना सांगितलं आणि त्यांनी लगेच ठरवलं. सांग, आम्हाला कासव हवंय. कासवासकट घर.

मी हसत सुटले. त्या नाही हसल्या.

१० मार्च

सांगितलं. बाईंनी मान वर केली. कासव? मी म्हटलं, सासूबाईंचा हट्ट. पण एजंटना सांगू नका हं, हसतील ते. छे छे, म्हणाल्या, आणि टिपून घेतलं.

११ मार्च

लॅब उघडते न उघडते तोच फोन! मॅडम, स्पर्धा वाढलीय. दुसरं गिऱ्हाईक तर कासवसुद्धा ठेवून घ्यायला तयार आहे.

फोन ठेवला, न्हाणीघरात जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसले. बाहेर आले तर फळीवरच्या सगळ्या कवळ्या आधीपासूनच हसत होत्या.

आईंना सांगितलं. पैलवानाला बोलाव, म्हणाल्या. कशाला? तर मालकाकडे जायचंय. म्हटलं, मी जाते ना एकटी. म्हणाल्या, तू नको, तुला भांडताना रडू येतं.

खरं आहे.

१२ मार्च

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

मालकाला आम्ही कधी पाहिलेलंच नव्हतं. घर दाखवताना मखमल त्याला बाहेर पाठवतो. आईंनी स्वतः घंटा वाजवली. दार उघडलं एका बारीक, उंच म्हाताऱ्याने. तो नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. जन्मभर विंगेतून अडलेल्या नटांना वाक्यं कुजबुजल्यामुळे त्याला आवाज चढवताच येत नाही. आम्ही दोघी पुढे झुकून ऐकत होतो.

आईंनी विचारलं, आमची ऑफर पोचली का? तो म्हणाला, कसली ऑफर? एजंट सांगतो, बाजार थंड आहे, किंमत उतरवा. एक बाई येऊन गेल्या, पण त्यांना कर्ज कोण देणार.

मी बँकेचं पत्र पुढे केलं. त्याने चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. तारीख दोनदा वाचली. आईंनी बाकीचं सांगितलं: केबिन, काच, कासव. कासवापाशी तो पहिल्यांदा हसला. मग टेबलावर फोन ठेवला, स्पीकर लावला आणि मखमलला विचारलं, काय हो, कुणी गिऱ्हाईक?

कुणीच नाही, मालक. मी रोज प्रयत्न करतोय.

"मग माझं कासव ठेवून घ्यायला तयार असलेले ते लोक कोण?"

फोनमध्ये नुसती खरखर. आईंनी माझा हात दाबून ठेवला होता, मी मध्ये काही बोलू नये म्हणून. म्हातारा थांबला. त्याला थांबायची सवय असावी. मग फोनवर वाकून, अगदी हळू:

"अडलात का? पुढचं वाक्य देऊ?"

मग त्याने स्वतःच दिलं:

"वाक्य असं आहे — मालक, तुमच्या घराला पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत आली होती, आणि ती मी दाबून ठेवली, कारण बाईंनी कर्ज आमच्याकडून घेतलं नाही. म्हणा."

एवढा बोलका माणूस! फोन त्यानेच ठेवला.

घर आमचं! त्याच किमतीला, माझ्याच बँकेच्या कर्जावर. निघताना म्हाताऱ्याने विचारलं, कासवाचं मात्र गमतीने म्हणाला होतात ना? मुलीच्या घरी त्याला बाल्कनीत ठेवावं लागणार आहे. आई म्हणाल्या, बोललो ना, आता ठेवायचं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

परतताना पैलवानाला सगळं सांगितलं. हसण्याच्या भरात तो आईंना एक मजला जास्त वर घेऊन गेला. गच्चीच्या दाराला खुर्ची आपटली तेव्हा कळलं. आईंनी तिथूनच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

१७ मार्च

सह्या झाल्या. मखमलने पेन दिलं. मालक शेजारी बसून प्रत्येक पान मोठ्याने वाचत होता, म्हणजे कुजबुजत होता. संपूर्ण ऑफिसला गप्प बसावं लागलं.

कर्जवाल्या बाई दारापर्यंत आल्या. कासव खरंच ठेवणार? म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, रोज संध्याकाळी आम्हाला विचारतात, कोण काय बोललं, म्हणून सांगावं लागतं. मी म्हटलं, मग निदान पाणी तरी देत जाऊ नका. हे लागलं त्यांना. लागू दे.

२४ मार्च

नणंद येऊन घर बघून गेली. अंगण फार लहान म्हणाली. म्हणजे आवडलं.

२ मे

आलो! खोकी अजून बांधलेलीच आहेत. एक पातेलं आणि दोन ताटल्या तेवढ्या काढल्या. म्हातारा किल्ली देऊन गेला. जाताना कासवाचं नाव माझ्या कानात सांगितलं. इथे लिहीत नाही.

आई दुपारभर पुढच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. त्यांना एकटीला कधी बाहेर पाठवायचं नाही, असं मी ठरवलं आहे. संध्याकाळी लॅबमधून आले की हात धरून कोपऱ्यापर्यंत नेईन. रोज थोडं थोडं.

३ मे

सकाळी उठले तर आई घरात नव्हत्या. अंथरुणाची घडी, काठी नाही, दार बाहेरून ओढलेलं. रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत धावत जाऊन आले. लॅबला गेले नाही.

जेवायच्या वेळेला आल्या. कुठे गेला होतात, विचारलं.

म्हणाल्या, "ते तुला कशाला सांगू?"