क्रियापद उद्या येईल

सोमवार, ३
लागली बाई नोकरी! वर दोन खोल्या, ऐसपैस न्हाणीघर, खाली ऑफिस. जिना उतरला की कामावर. धाकटी बहीण तर कोरड्या टबातच पुस्तक घेऊन बसली, उठायचं नाव नाही. काम जुन्या लॅटिन वहीच्या भाषांतराचं. वाक्यं अगदी पोरकट: माळी, कुत्रा, अंगण. ऑफिसातल्या लॅटिनच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी माझी कानउघाडणी केली. शब्द दिसेल तसा अर्थ लावायचा नाही, क्रियापद बहुधा शेवटी असतं, ते येईपर्यंत पेन्सिल खाली. मी मेली उतावळी. समोरच्याचं वाक्य मीच पुरं करते.

गुरुवार, ६
वहीची पानं भिजून चिकटलीत. बाइंडरकाका वाफ देऊन रोज एकच शब्द सोडवतात. सोमवारी ‘माळ्याला’, मग ‘अंगणात’, काल ‘कुत्रा’, आज ‘चावतो’. दुपारी अंगणात आरडाओरडा झाला. आमच्या माळ्याला कुत्रा चावला होता! दोनशे वर्षांपूर्वीची वही, म्हणून मी हसण्यावारी नेलं. मास्तरांनी मात्र ते वाक्य पुन्हा दोनदा वाचलं.

सोमवार, १०
नवं वाक्य. ‘धाकट्या बहिणीला’. आमच्या धाकटीला सकाळपासून ताप आहे.

मंगळवार, ११
‘पाण्यात’. ताप वाढलाय.

बुधवार, १२
‘थोरली’. म्हणजे करणारी मीच. मास्तर म्हणाले, तिला आजच्या आज दुसरीकडे पाठव. कशी पाठवू? तिला उभंही राहवत नाही. डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात बसवा. मग डोक्यात उजेड पडला. ‘वाचवते’! दुसरं काय असणार? मी का तिचं वाईट करीन? पेन्सिलीने लिहूनच टाकलं. जीव भांड्यात पडला.

गुरुवार, १३, दुपार
टब भरला. स्टुलावर रोजनिशी ठेवून लिहितेय. ताप उतरतोय. हसली माझी बाय, म्हणाली, ताई, बरं वाटतंय गं.

काकांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली. शेवटचा शब्द. ‘वाचवते’ नाही. तो इथे लिहिणार नाही —

डावा हात तिच्या डोक्यावर. केस धुवायला ठेवला होता. उचलतेय — तो खालीच —

मास्तर दार ठोठावतायत. कडी मीच घातली —

‘ताई’ म्हणाली. एकदाच. आता नुसते बुडबुडे —

सुटत नाही हात, कुणीतरी या, मी माझ्या धाकटीला —