हनोईच्या रांगेत

१४ ऑगस्ट, गुरुवार

बेबी सहज बोलून गेली. बाजूच्या खोलीतली बेबी. मसाला दळून परत येत होतो दोघी. म्हणाली, "आमचे गेले तेव्हा पिशवीची चेन उघडून तोंड दाखवलं गं मला. लांबूनच. पण दाखवलं."

तिचे कोरोनात गेले, २०२०च्या मे महिन्यात. माझे हेही त्याच आठवड्यात, त्याच हॉस्पिटलात.

मी म्हटलं, कुणालाच आत सोडत नव्हते ना?

"घरच्या एकदोघांना सोडायचे की. तुला कोणी सांगितलं?"

मला सांगितलं भावजींनी. ह्यांचे मोठे भाऊ, गणपत भावजी. जिन्यात तोंडाला रुमाल बांधून उभे होते — "शांता, कोणाकच सोडनत नाय. तोंड पण दाखवनत नाय. मी सगळा करून इलंय."

त्यांनी सगळं केलं म्हणून पाच वर्षं त्यांचे उपकार मानत आले. दर दिवाळीला पहिला फराळाचा डबा त्यांच्याकडे.

१५ ऑगस्ट

खोटं बोलले. का, ते मला नको. खोटं बोलले एवढं पुरे.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. परळला भावजींकडे सगळे जमलो. रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाया पडले. टाचांना भेगा आहेत. वाकल्यावर वाटलं, इथेच विचारावं, आरतीच्या गर्दीत, सगळ्यांच्या देखत. पण नाही. ते फारच स्वस्तात सुटतील. दोन दिवस चर्चा, मग त्यांची बायको, कांतावहिनी, म्हणणार, "सणाच्या दिवशी कशाला काढलंस?" आणि चूक माझीच ठरणार.

थांबायला मला येतं. म्युनिसिपल शाळेत तीस वर्षं मुलांपुढे उभी राहिले आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. ह्यांचं पान ठेवलं. कावळा लगेच आला.

जेवताना माझ्या मुलाने, निलेशने जाहीर केलं — काकांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत, आपण सगळे त्यांना व्हिएतनामला न्यायचं. हनोई. हो ची मिन्हची समाधी.

भावजींचा घास हातातच राहिला. गिरणीत साळखात्यात, मागावर होते, लाल बावट्याचे. तरुणपणी व्हिएतनामसाठी परळच्या नाक्यावर पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्यात. खोलीत देवांच्या शेजारी त्या माणसाचा फोटो आहे, वहिनी त्यालाही हार घालतात. म्हणाले, "खरोखरचो माणूस हा रे थय? काचेत?"

"खरोखरचा. चेहरा दिसतो अजून."

म्हातारा रडला. चष्मा काढून, सगळ्यांसमोर.

मी पानात भात वाढत होते. तेव्हाच ठरलं.

९ नोव्हेंबर, रविवार. हनोई

पोचलो. वहिनींचे गुडघे विमानातच धरले. त्या समाधीला येणार नाहीत, हॉटेलवर बसणार. म्हणजे आम्ही चौघं. निलेश, सूनबाई, भावजी, मी.

सूनबाई म्हणजे आकांक्षा. तिला म्हटलं, रांगेत तू नवऱ्याबरोबर राहा, मी भावजींना सांभाळते. म्हणाली, "आई, किती करता तुम्ही त्यांचं."

१० नोव्हेंबर

सोमवारी समाधी बंद असते. भावजींनी कोरा पांढरा सदरा हॉटेलच्या इस्त्रीने स्वतः इस्त्री केला. कुणाला हात लावू दिला नाही.

मी वाक्य पाठ करतेय. छोटंच ठेवलंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहून काढते, नाहीतर उद्या बदलेल.

सकाळी सातला रांगेत. केवढी थोरली इमारत — करड्या दगडाचे खांब, समोर मैदान, आपलं शिवाजी पार्क कुठल्या कुठे. पांढऱ्या गणवेशातले पहारेकरी. टोपी काढा, हात खिशातून काढा, बोलू नका, थांबू नका. दोघादोघांची रांग.

वाटेत गाईड काही सांगत होती, निलेश मराठीत करत होता. ह्या माणसाने लिहून ठेवलं होतं म्हणे, मला जाळा, राख डोंगरावर पुरा. लोकांनी ऐकलं नाही. त्यांना तोंड बघायचं होतं. पन्नास-पंचावन्न वर्षं झाली, अख्खं जग येऊन बघून जातंय. आणि मी, बत्तीस वर्षं संसार केलेली बायको — मला दोन मिनिटं मिळाली नाहीत.

आत गारठा. पायऱ्या चढताना भावजींनी माझा हात धरला होता. कुजबुजले, "शांता, माका दिसात मां गो? चष्मो पुसलंय." मी मान डोलावली.

दार आलं. काचेची पेटी, पिवळसर उजेड. आता तीन बाजूंनी फिरायचं आणि बाहेर, बस. त्यांनी मान वर केली, आणि मी त्यांच्या कानाशी म्हटलं —

"माझ्या माणसाचं तोंड दाखवत होते. तुम्ही मला का नेलं नाहीत?"

ते थांबले. पेटीकडे पाठ, माझ्याकडे तोंड. पहारेकऱ्याने दंडाला धरून पुढे केलं. चालले, पण मान खाली. तिन्ही बाजूंनी मान खाली. फरशी बघत बाहेर पडले.

मी मात्र बघितलं. पांढरी दाढी, हात पोटावर, झोपल्यासारखा.

उन्हात आल्यावर निलेशने विचारलं, "काका, बघितलंत?"

"बघलंय," म्हणाले.

माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा रांग लावता येते का, तेही विचारलं नाही.

किती बरं वाटलं! खोटं का लिहू. पाच वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

भावजी नाश्त्याला आले नाहीत. मी दोनदा फळं घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार. लालबाग

घरी. कांतावहिनींचा फोन — "ह्यांनी तो फोटो भिंतीवरून काढला. विचारलं तर बोलत नाहीत. तिथे काही झालं काय गो?" मी म्हटलं, थकले असतील.

विमानतळावर निघताना एकच बोलले होते. बॅग उचलायला वाकले आणि म्हणाले, "चूक माझीच, शांता." का, कशी, काही नाही. त्यांनी अजून जगावं असं वाटतं. पुष्कळ वर्षं. रोज त्या दाराशी उभं राहून, मान खाली घालून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

निलेश एकटाच आला. काकांनी जेवण टाकलंय म्हणाला. मग मी सांगितलं त्याला सगळं, हनोईचं, माझ्या वाक्यासकट.

"आई, काका तुला न्यायला टॅक्सी घेऊन चाळीखाली आले होते. मी हॉस्पिटलातून फोन करून त्यांना परत फिरवलं. तुला ताप होता. बाबा गेले, आता तूही जाशील अशी भीती वाटली. काय सांगायचं तेही मीच सांगितलं, आणि कधी बोलायचं नाही अशी माझीच शपथ घातली."

बाबांना शेवटचं बघायला आत कोण गेलं होतं, विचारलं.

"मी," म्हणाला.