तिसरा बार

२३ ऑक्टोबर १९८८

बंदुकीची नळी शेवटी खोक्यातून काढली. भावाला, आर्वीला, पुरल्यावर अकराव्या दिवशी टपालाने आली होती. त्यानेच मागवलेली, जुनी झिजली म्हणून. वर्षभर माझ्या कॉटखाली पडून. धाकटा भाऊ गेला आणि नळी आली! तेव्हा काही वाटलं नाही. आजही नाही.

दुपारी त्याची मुलगी कारिन येऊन गेली. "काका, शिकारीचा हंगाम उघडेल त्या दिवशी मी बाबाच्या मचाणावर बसणार. बाबाचीच बंदूक घेऊन. तुम्ही नळी बसवा, नाहीतर मी बसवते!" चोवीस वर्षांची झाली, हट्ट बापाचा. म्हटलं, बसवतो. पंधरा नोव्हेंबरला हंगाम उघडतो. त्याच दिवशी त्याला जाऊन वर्ष होईल.

२६ ऑक्टोबर

तळघरात मांडामांड. हत्यारं सगळी खाणीतली. खाण बंद पडली तेव्हा हाताला लागेल ते उचलून आणलं होतं. ओकचे दोन ठोकळे, मधे नळीपुरती खोबण, नळी घसरू नये म्हणून खोबणीत राळेची पूड. वरून ट्रकचा जॅक, तो छताच्या तुळईला टेकवून ठोकळे दाबायचे. बंदुकीच्या धडाला लोखंडी पट्ट्यांची पकड. तुळई कुरकुरली. जुनी नळी जागची हलली नाही.

२७ ऑक्टोबर

आजही नाही.

३० ऑक्टोबर

आर्वीच्या लेम्पीकडे कॉफी. खिडकीतला कप तिथेच आहे. आर्वीला शोधायला गेलेल्यांनी मचाणाखालच्या बर्फातून वेचून आणलेलं त्यात — दोन रिकामी काडतुसं, एक भरलेलं. तीनच न्यायचा तो. नवऱ्याची शेवटची वस्तू म्हणून तिने ती ठेवलीत. मी कधी हात लावला नाही.

लेम्पीचं पुन्हा तेच. "मदतीचे तीन बार ऐकले की इथलं शेंबडं पोरसुद्धा धावतं. ह्याला ठाऊक नव्हतं? दोन हरणावर मारले, आणि छातीत कळ आल्यावर गप्प बसून राहिला! मदत मागायची लाज. बायकोला तरी कधी हाक मारली का ह्या माणसाने!"

मी मान हलवली. वर्षभर हलवतोय. मी तर शेजारच्याच टेकडीवर होतो. दोन्ही बार ऐकले. वाटलं, नेम चुकला गड्याचा, दुसरी झाडली. हसलो! फ्लास्कमधली कॉफी प्यालो. तिसरा ऐकला असता तर वीस मिनिटांत पोचलो असतो. डॉक्टर म्हणाले, तासभर तरी जिवंत असेल.

का नाही काढलास तिसरा, गाढवा?

२ नोव्हेंबर

निघाली! तीन दिवस सांध्यात तेल मुरवलं, पकडीच्या दांड्याला हातभर पाइप जोडला आणि अंगाचा भार टाकला. कट्ट! नळी फिरली, मी फरशीवर. गुडघा सुजलाय. दुखतोय हे बरं वाटलं.

५ नोव्हेंबर

नवी बसली. बंदुका दुरुस्त करणाऱ्या वाइनोकडून मापाची दोन खोटी काडतुसं आणली. पहिल्यावर बोल्ट, म्हणजे नळीमागचा दट्ट्या, मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. पहिल्यावर मिटला, दुसऱ्यावर अडला. एकदाच, पहिल्या फटक्यात! वाइनो म्हणाला, "म्हाताऱ्या, हात अजून शाबूत आहेत की तुझे."

बोल्ट उघडून पाहायची गरजच नव्हती. गेल्या हंगामाआधी मीच तो आतून ग्रीसने भरून आर्वीला दिला होता. खाणीत उतरायच्या पाळण्याचं ग्रीस, अस्सल माल. तीस वर्षं जमिनीखाली तेच वापरलं, कधी दगा नाही. तळघरात बोल्ट अजून लोण्यासारखा फिरतो.

१२ नोव्हेंबर

मरणाची थंडी, गेल्या वर्षीच्या त्या सकाळसारखी. चाचणीला पहिला बार हातात धरून काढायचा नसतो. बंदूक रात्रभर शेडमध्येच होती. सकाळी अंगणात जुन्या टायरला बांधली, चापाला दोरी, मी सरपणाच्या ढिगाआड. ओढली.

टक्.

बार नाही. बराच वेळ थांबलो. मग काडतूस काढलं. बुडाला बोल्टमधल्या सुईचा ठोका — पण इवलासा, नखाने केल्यासारखा.

बोल्ट घरात नेला, चुलीपाशी ठेवला. तासाभराने बसवला, लगेच दोरी ओढली. धाड! दोन तास बाहेर राहू दिला. टक्.

मग बोल्ट खोलला. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट. सुई त्यातून रडतखडत पुढे येते; कधी ठोका पुरतो, कधी नाही. खाणीत बारा महिने एकच हवा. तिथे ग्रीस कधी गोठत नाही. वर गोठतं. हे शाळकरी पोरालाही कळतं. मला नाही कळलं.

जेवलो नाही.

१३ नोव्हेंबर

लेम्पीकडे गेलो. ती वाफेची न्हाणी, सॉना, तापवायला बाहेर गेली तेव्हा खिडकीतला कप उचलला. भरलेलं काडतूस उलटं केलं.

बुडाला ठोका. इवलासा.

कप जागेवर ठेवला. कॉफी प्यालो. घरी आलो.

१४ नोव्हेंबर

आज दोघींना सांगितलं. कपातलं भरलेलं काडतूस लेम्पीच्या तळहातावर उलटं ठेवलं. "तिसऱ्यांदाही चाप ओढला होता त्याने. उडालं नाही."

तिने ठोक्यावर बोट फिरवलं. "म्हणजे हाक मारली होती," म्हणाली. वर्षात पहिल्यांदा रडली.

कारिनने विचारलं, "मग उडालं का नाही, काका?"

ग्रीसचा डबा बरोबर नेला होता. टेबलावर ठेवला.