बांधावरचं सगळ्यात हिरवं गवत

३ नोव्हेंबर
टेंडर लागलं! उद्यानातल्या तळ्याचा मातीचा बांध, वर्षभराची देखभाल: गवत कापणं, झुडपं उपटणं, बिळं बुजवणं, उघडे पडलेले भाग हिरवे करणं. मातीच तर आहे. बांधाखाली धाकटीच्या शाळेचं मैदान. खेळता खेळता बाबांचं काम बघेल. मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात आठ वर्षं काउंटरवर बसलो, आज त्याला सांगून टाकलं, आता आपण सरकारी कॉन्ट्रॅक्टर. म्हणाला, स्टूल ठेवतो, लागेल. जळतो माझ्यावर.

४ नोव्हेंबर
खात्याने रजिस्टर दिलं. दर महिन्याला बांध बघून भरायचं: भेगा, खचणं, पाझर. बाराही महिने आजच ‘निरंक’ लिहून टाकले. कामाचा उरक असा हवा. बायको म्हणाली, पुढच्या ऑक्टोबरात काय होणार ते तुम्हाला आजच कळलं? तिला प्लॅनिंगचं वावडं आहे.

९ नोव्हेंबर
घुशींची अकरा बिळं बुजवली. कंबर गेली.

१० नोव्हेंबर
तेरा बिळं.

१७ नोव्हेंबर
मजूर आले नाहीत. गवताचं बी मीच पेरलं. कबुतरं मात्र वेळेवर आली. निश्चय: उद्या पहाटे पाचपासून राखण.

१८ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ
उठलो.

२ डिसेंबर
बांध टकला तो टकलाच. पंधरा तारखेला इंजिनिअर मॅडमचं इन्स्पेक्शन. पास झालो तर आणखी तीन वर्षं, नाही तर ते स्टूल. रोज कॅलेंडरवर दिवस मोजतो. कुणाला सांगता येत नाही.

६ डिसेंबर
चमत्कार! पायथ्याशी सतरंजीएवढ्या जागेत गवत असं तरारलंय की बघत राहावं. तिथे बी टाकल्याचं आठवत नाही, पण टाकलंच असणार. वॉचमनमामा म्हणाले, साहेब, पाऊस नाही, तुम्ही पाणी घालत नाही, मग चप्पल का रुतते? म्हटलं, जमीन कसदार आहे. जुनी माणसं शंकेखोर.

११ डिसेंबर
हिरवळ दुप्पट! मध्ये उभं राहून, अंगठा वर करून फोटो काढून घेतला. मॅडमना पाठवला. बायको फोटो बघून म्हणाली, तुमचे बूट कुठायत? बूट चिखलात होते. नको तिथे बरोबर नजर जाते हिची.

त्याच दिवशी, दुपारी चार
मॅडमचा फोन: फोटो बघितला, इकडे यायला आत्ताच निघाल्यात! पंधरा तारखेपर्यंतही धीर नाही. इस्त्रीचा शर्ट घातला.

१२ डिसेंबर
तळं रिकामं करतायत. पाणी बांधाच्या आतून झिरपत होतं, सोबत माती नेत होतं. मॅडम म्हणाल्या, आणखी काही दिवसांत बांध गेला असता. खाली मैदान. मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी पुढच्या ऑक्टोबरचं पान उघडलं आणि रजिस्टर मिटून आपल्या बॅगेत टाकलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर धाकटी म्हणाली, बाबा, आज शाळेला अचानक सुट्टी, मज्जा!

२ जानेवारी
मेहुण्याचं दुकान. स्टूल तेच. त्याने ते पुसून ठेवलं होतं. दुपारी बांधाचा नवा कॉन्ट्रॅक्टर फावडी घ्यायला आला. विचारत होता, पाझर ओळखायचा कसा. सांगितलं, जिथलं गवत बघून स्वतःचा अभिमान वाटेल, तिथे आधी हात लावून बघा. त्याने विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? मी फावड्यांना दांडे ठोकत राहिलो.