दिव्यांकडची खुर्ची

प्रिय काजवाबाई,

आधी भांडण मिटवून टाकते. मी फोन उचलत नाही म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. मोड. पण तुझ्या त्या नव्या फोनमधून तू बोलतेस ते तोंडात रुमाल कोंबल्यासारखं येतं. मागच्या वेळी तू काहीतरी सांगितलंस आणि मी आपली “अरे वा, छान झालं” म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी तुझ्या लेकीचा मेसेज आला तेव्हा कळलं, तू नातवाला ताप भरलाय म्हणून सांगत होतीस. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून म्हटलं, कागदच बरा. कागदाला रेंज लागत नाही. पोराचा ताप उतरला ना?

बातमी अशी, की आपले जुने स्पीकर अखेर गेले. एकाने प्रयोग चालू असतानाच घरघर लावली आणि मान टाकली, दुसरा चार दिवसांनी त्याच्या मागोमाग. सभागृहाच्या समितीने नव्या सामानाला पैसे दिले, पण देताना अध्यक्षांचा चेहरा असा, की स्वतःच्या मुलीचे दागिने काढून देतायत. वर अट घातली. हंगामाच्या पहिल्या नाटकाआधी सगळं नीट वाजलं पाहिजे, नाहीतर ते बाहेरचा ठेकेदार लावणार. ठेकेदार म्हणजे त्याचं सामान आणि त्याचाच माणूस. म्हणजे मी घरी. आणि माझं घर तू पाहिलंयस, दोन खोल्या आणि बोलायला कुणी नाही. तू लेकीकडे गेल्यापासून दिवसभरात मी जे काही बोलते ते आपल्या आवाज-दिव्यांच्या केबिनमध्येच बोलते, तेही बहुतेक वेळा मशीनशी.

तेव्हा कंबर कसली आणि बाजारात गेले. दुकानदाराने मला पाहिल्याबरोबर कपाटाएवढे दोन स्पीकर पुढे केले. मी म्हटलं, बाबा रे, आमचं सभागृह म्हणजे काडेपेटी आहे, शेवटच्या रांगेतला माणूस शिंकला तर नटाला रुमाल काढावा लागतो. मग तो जरा जमिनीवर आला. आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर मी वापरलेलाच घेतला, पण एकेक बटण वर-खाली करून खरखर होते का ते बघून. मोठेपणा मिरवायला चोवीस चॅनल कशाला हवेत, आपल्याला आठ पुरतात. वायरींमध्ये मात्र पै वाचवली नाही. शंभर रुपये वाचवायला जावं आणि ऐन प्रवेशात माइक मुका व्हावा, हे आपण दोघींनी पुष्कळ भोगलंय.

स्पीकर निवडायला मी एकच रेकॉर्डिंग तीन जोड्यांवर लावून ऐकलं. पहिला ऐकला, तर गोधडीखालून बोलल्यासारखा. दुसराही तसाच. तिसरा मात्र एकदम लख्ख, शब्द न् शब्द सुटा. आणि किमतीला सगळ्यांत कमी! मी तोच घेतला. दुकानदार म्हणाला, बाई, हा जरा टोचतो, पुन्हा एकदा ऐका. मला वाटलं, महागडा गळ्यात मारायचाय म्हणून नाक मुरडतोय. मी काय काल या धंद्यात आले?

दिव्यांचंही ऐक, तुझा प्रांत आहे. नवे एलईडी आणले. जुन्यांसारखे तापत नाहीत, वीज खात नाहीत, रंग हवा तो देतात. पण स्वस्तातले दिवे शेवटी जात दाखवतात. तू शेवटच्या प्रवेशात उजेड कसा मावळत न्यायचीस, की लोकांना अंधार झाल्याचं नंतर कळायचं. हे मेले हळूहळू उतरतात आणि तळाशी आल्यावर पटकन विझतात. मी तोड काढली. तुझे जुने दोन पिवळे दिवे फेकू दिले नाहीत, ते शेवटच्या उताराला ठेवले. नायिका म्हणाली, नव्या दिव्यांच्या पोटातले, त्यांना गार ठेवणारे पंखे फार आवाज करतात, हळू बोलायच्या जागी त्रास होतो. मी दिव्याखाली जाऊन उभी राहिले, मला तर काही ऐकू आलं नाही. म्हटलं, नखरे.

सगळं जोडलं आणि स्पीकरमधून गुणगुण सुरू झाली. ती मात्र मला लगेच ओळखू आली. आठवतंय का, आपलं पहिलं भांडण याच गुणगुणीवरून झालं होतं. तू दिवा मंद केलास की माझे स्पीकर भुंग्यासारखे घुमायचे, मी म्हणायचे तुझे दिवे चावट आहेत, तू म्हणायचीस माझ्या वायरी गचाळ आहेत. दोन दिवस अबोला. मग दोघींनी मिळून शोधलं की दिवे आणि आवाज एकाच लाइनवर आहेत, आणि माझ्या वायरी तुझ्या वायरींना चिकटून जातात. आपल्या दिग्दर्शकाने त्याच दिवशी तुला काजवा आणि मला भोंगा म्हणायला सुरुवात केली. या वेळी ते सगळं मी एकटीने केलं. आवाजाला वेगळी लाइन, वायरी वेगळ्या भिंतीने. गुणगुण गेली. मी वळून तुला सांगायला तोंड उघडलं, आणि शेजारी तुझी रिकामी खुर्ची.

खुर्चीचंही सांगून टाकते. तू गेल्यापासून दिवेही मीच चालवते, पण माझ्याच खुर्चीत बसून, डावा हात लांब करकरून. खांदा भरून येतो. नायिकेने एकदा विचारलं, त्या खुर्चीत बसत का नाही? मी म्हटलं, तिचा पाय मोडलाय. पाय चांगला धडधाकट आहे. तुझी उशीही तिथेच आहे.

असो. मग पहिली रंगीत तालीम झाली. मी आवाज सुरेख लावला होता, निदान मला तसं वाटत होतं. नायिका मधल्या जागी आली, बोलायला लागली आणि एकदम थांबली. दोन्ही हात कानांवर ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, भूमिकेत शिरलीय. मी केबिनच्या काचेतून तिला अंगठा दाखवला, की झकास चाललंय! खाली अध्यक्ष उठून उभे. सगळ्यांची तोंडं वेडीवाकडी. कुणीतरी धावत वर आलं आणि मुख्य बटणच बंद केलं. म्हणे, माइकने शिट्टी धरली होती, कान फाटायची वेळ आली होती. अध्यक्ष एवढंच म्हणाले, ठेकेदाराला बोलवावं लागेल बहुतेक.

मी चिडले आणि आपल्या पद्धतीने शोधायला बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा बघायचं. माइक बदलला. वायर बदलली. चॅनल बदललं. स्पीकर पुढे ओढले, माइकच्या मागे राहणार नाहीत असे. शेवटी मिक्सरसुद्धा शेजारच्या शाळेतून मागून आणला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, गेली शिट्टी, आणि प्रत्येक वेळी खालून कुणीतरी हात हलवायचं, की आहे. चोर सोडून मी एकेका संन्याशाला फाशी देत होते.

त्या दिवशी पियानो जुळवणारे काका आले होते, तेच, जे एक सूर लावायला अर्धा तास घेतात आणि तू ज्यांना गोगलगाय म्हणायचीस. ते खाली रंगमंचावर, मी वर. बऱ्याच वेळाने ते जिना चढून आले. अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही. मग माझ्या समोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, “बाई, ती शिट्टी बंद कराल का?” मी विचारलं, “कुठली शिट्टी?” स्वतःच हात पुढे करून त्यांनी एक बटण खाली केलं आणि माझ्या कानांकडे बघितलं. सगळं बदलून झालं होतं, काजवे. फक्त मी बदलायची राहिले होते.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ बोट तयार ठेवून बसले होते. नंतर कळलं, आवाज येऊन गेले होते. त्यांच्या कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत बरी आणि पुढे घसरगुंडीसारखी खाली. जाड आवाज येतात, बारीक गेलेत. म्हणजे तो तिसरा स्पीकर बारीक आवाजांनी टोचत होता म्हणूनच मला लख्ख वाटला. दिव्यांचे पंखेही खरंच वाजत होते. आणि तुझ्या फोनला काही झालेलं नाही. बोलणं ऐकायला कानाचं यंत्र मिळेल, पण मिक्सरवर बसू नका म्हणाल्या. हे एकाएकी झालेलं नाही, चांगली चार-पाच वर्षं चाललेलं आहे, असंही म्हणाल्या.

मी घरी आले आणि ते चार-पाच वर्षांचं गणित डोक्यात फिरत राहिलं. मग मला तुझा हात आठवला. प्रयोग चालू असताना तू मध्येच माझ्या डाव्या कोपराला हात लावायचीस. बोलायची नाहीस, बघायचीही नाहीस, डोळे तुझ्या दिव्यांवर. मी सवयीने एखादं बटण जरा खाली घ्यायचे आणि मनात म्हणायचे, हिला काय चाळा आहे. आधी कधी नव्हता तो चाळा. शेवटच्या काही वर्षांतलाच. तुला माहीत होतं. तू माझ्यासाठी ऐकत होतीस आणि मला कळू दिलं नाहीस. मला खूप राग आला तुझा. मग रडले. सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी उठून गेले असते, हे तुला पक्कं ठाऊक होतं. आणि तू जाताना दारात तुझा हात माझ्या कोपरावर जरा जास्तच वेळ होता, त्याचा अर्थही मला आता लागतोय.

काल मीच अध्यक्षांकडे गेले आणि सगळं सांगितलं. दुकानदाराने स्पीकर बदलून दिले, बिचारा एक शब्द जास्त बोलला नाही. आवाजावर पियानोवाले काका बसणार आहेत, माझ्या खुर्चीत. ठेकेदार रद्द. अध्यक्ष म्हणाले, डोळे शाबूत आहेत ना, मग तुम्ही दिवे सांभाळा. मी हो म्हटलं नाही अजून. दिवे सांभाळायचे तर तुझ्या खुर्चीत बसावं लागेल. इतके दिवस मी ती रिकामी ठेवली, कारण ती रिकामी असेपर्यंत तू परत येशील असं मला म्हणता येत होतं. तू येणार नाहीस. तुझा नातू तुला सोडणार नाही, आणि सोडूही नये. पुढच्या आठवड्यात पहिला प्रयोग आहे, आणि शेवटच्या प्रवेशात तुझे दोन पिवळे दिवे कुणीतरी हळूच उतरवायला हवेत. फोन करू नकोस, मला कळणार नाही. दोन ओळी लिहून पाठव. तुझ्या खुर्चीत मी बसू का?

तुझीच,
भोंगा