आरोपीला विचारायचं राहिलं

डुलुथ, ३ मार्च

ती. लेम्पीताईस,
सा. न. वि. वि.

परवा माझं कोर्ट बघायला आलीस आणि जेवून उठल्याबरोबर घरी एलीला पळालीस. सत्तरी ओलांडलेल्या धाकट्या भावावर असं रुसतात का? इथले लोक म्हणतात, आता खटले कमी घ्या. पण फेडरल न्यायाधीशाची नेमणूक तहहयात, मला घरी बसवणार कोण? एक तूच. शपथ घेतली त्या दिवशी तुझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, की माझं डोकं चालेनासं झालं तर तू तोंडावर सांगायचंस. अजून सांगितलं नाहीस, म्हणजे ठीक चाललंय. रविवारी येतो, सॉना तापवून ठेव, वाफेला बसू. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
रेनो

एली, ७ मार्च

चि. रेनोस,
अनेक आशीर्वाद.

रुसले नाही रे, घाबरले. त्या दिवशी तू डेल नावाच्या ट्रकवाल्याला शिक्षा सुनावलीस. शिक्षेआधी आरोपीला काय म्हणायचंय ते विचारायचं असतं, हे मला तुझ्यामुळेच ठाऊक. कितीही वेळ लागो, तू त्यांना बोलू देतोस, म्हणून वकील तुझी थट्टा करतात. या वेळी तू विचारलंच नाहीस. तो बिचारा ताटकळत उभा. त्याचा वकील उठला, त्याला तू खाली बसवलंस.

म्हटलं, घाईत राहिलं असेल. पण जेवताना तू मला कौतुकाने सांगितलंस, डेल किती मनापासून बोलला ते. रेनो, तो एक शब्दही बोलला नव्हता. बाळा, आता पुरे कर. लिहिताना जीव तुटतोय, पण मी शब्द दिला होता.

तुझी,
लेम्पीताई

डुलुथ, १० मार्च

तुला मागच्या बाकावरून ऐकू येत नाही, त्याला मी काय करू? रविवारी येणार नाही.

रेनो

डुलुथ, २४ मार्च

ती. लेम्पीताईस,
सा. न. वि. वि.

मागचं पत्र चुलीत घाल. डेलच्या वकिलाचा अर्ज आला, त्यातही तू लिहिलंस तेच होतं. शिक्षा मागे घेतली, खटला न्यायाधीश ब्रेननबाईंकडे दिला, आणि राजीनामा पाठवला.

आज डेल त्यांच्यापुढे उभा राहिला. मी लोकांत बसून ऐकलं. अडखळत, चुकत, आपल्या पोरीबद्दल बोलला. बाईंनी शिक्षा बरीच कमी केली. मी ऐकलं असतं, तर मीही केली असती.

मला आठवत होतं ते बोलणं याचं नव्हतंच. मग कुणाचं, कुणास ठाऊक. याच्याआधी असे आणखी किती जण न बोलता तुरुंगात गेले, ते मला सांगता येत नाही. अलीकडचे माझे सगळे निकाल तपासा, असं लिहून दिलंय. ताई, मला फार भीती वाटते. रविवारी ये. मला पुढे आठवो न आठवो, लोभ राहू दे.

तुझा,
रेनो